डॉर्लेटामावशीची अळंबीची जागा

आमच्या हिकरी क्रीकच्या शाळेत सहावी ते आठवीची पोरं आणणारी पिवळी बस डॉर्लेटा मॉपिन चालवते. सगळं खोरं तिला मावशी म्हणतं. ती पोरांना "ए सांडा" म्हणते, हेडमास्तरांना "ए बाबा" म्हणते आणि बसला "बाई" म्हणते. आदरानं बोलते ती एवढ्या बसशीच. दाताखाली सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं खिडकीबाहेर थुंकत ती चढाला लागली की वाटावं, बस नव्हे, नाठाळ खेचर हाकतेय. मी त्या शाळेत झाडलोट करतो, त्यामुळं तिच्या शिव्या मला पाठ आहेत.

दरसाल राज्याकडून शाळेचा निकाल येतो. त्यात नुसते गुण नसतात. गोरे किती, आशियाई किती, फुकट जेवण घेणारे किती, इंग्रजी अजून शिकणारे किती, आणि त्यांतले गणितात पास किती, असे रकाने असतात. फुकट जेवणाच्या रकान्यात आमची जवळजवळ सगळीच पोरं. गणितात पास झालेल्यांच्यात जवळजवळ कुणीच नाही. त्याचं कुणाला फार वाईट वाटत नाही. पण गेल्या साली राज्यानं दम दिला होता. शंभरातली पंच्याण्णव पोरं परीक्षेला बसली नाहीत, तर शाळा बंद करून पोरं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावी पाठवायची. म्हणजे मावशीची बसही गेली आणि माझा झाडूही.

हेडमास्तर प्रूइट शहरातून आलेले, कोवळे, इस्त्रीचे. त्यांनी कुणाला न विचारता परीक्षेला एप्रिलातला मंगळवार धरला. सोमवारी रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी छान उबारा आला. बस आली ती निम्मी रिकामी.

"मावशी, कसली साथ आलीय का?" हेडमास्तरांचा चेहरा पडला.

"साथ न्हाई. अळंबी आलीया."

मिझूरीच्या आमच्या डोंगरात असा दिवस उजाडला, की मेलेल्या एल्म झाडाच्या बुडाशी मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार अळंबी वर येते. पिठात घोळून लोण्यात तळली की माणूस बायकोशीसुद्धा बोलत नाही. कुणाची जागा कुठं, ते विचारायचं नसतं. बाप मरताना सांगतो, तेही सगळ्या लेकरांना नाही.

"बारापर्यंत बसली तरी चालतील," हेडमास्तर म्हणाले. मग मावशीनं बस वळवली. हेडमास्तर पुढं बसले, मी मागं.

पहिल्या उतारावर हेडमास्तरांनी खाली उतरून पोरांची नावं घेऊन हाका मारल्या. रान गप्प. एका ओकमागून शिंक तेवढी आली.

"असं गुरं हाकल्यावानी वरडून कोन येनार, बाबा? बस गुमान," मावशी म्हणाली. तिनं रिकामी पिशवी खांद्याला अडकवली आणि गाणं गुणगुणत सरळ झाडीकडं निघाली. दहा पावलं गेली नसेल, तोच आमच्या एका पोरीचा बाप लेडबेटर झाडीतून धापा टाकत आडवा आला.

"मावशे, हिकडं काय न्हाई. साप हायेत."

"किती?"

"लई."

"मग पोरीला सापात ठेवलीस व्हय रं? ती दे मला. मी माघारी जाते."

लेडबेटरनं डोकं खाजवलं. "आन उद्या?"

"परीक्षा उद्या बी हाय. पोरगी आपल्या पायानं आली, तर मी कशाला येतीया?"

पोरगी आली, तिच्यामागून तिचा चुलतभाऊपण आला. मग प्रत्येक उतारावर हाच खेळ. मावशी पिशवी घेऊन चालू लागायची, की झाडीतून माणूस निघायचा, सापांची, मधमाश्यांची, नाहीतर पिसाळलेल्या कोल्ह्याची बातमी द्यायचा आणि खंडणी म्हणून पोर देऊन तिला कटवायचा. चिखलानं माखलेल्या गुडघ्यांनी बस भरली.

हेडमास्तरांनी मोजलं. "फक्त दोन कमी. मुआंची माई-सी आणि तोऊ."

मुआ म्हणजे लाओसच्या डोंगरांतून येऊन आमच्याकडं कोंबड्यांच्या शेड चालवणारं हमाँग कुटुंब.

"दोन पोरांनी काय अडतंय?" मी म्हटलं.

"ती आशियाई, ती फुकट जेवणारी, ती इंग्रजी शिकणारी. त्यांच्यावाचून तिन्ही रकाने लंगडे. आणि पंच्याण्णवसुद्धा भरत नाहीत."

मावशीच्या तोंडातल्या बिया थांबल्या. "त्यांचा ट्रक सकाळीच बघितलाय मी."

"मग चला की."

"माज्या बापाच्या जागंपाशी हाय."

पोरांनी काचांना नाकं लावली. मावशी गिअर टाकत म्हणाली, "डोळं मिटा रं सगळ्यांनी."

मिटले फक्त हेडमास्तरांनी. शहरचा माणूस.

जुन्या गिरणीच्या वळणामागं, आडव्या एल्मपाशी मुआंची आजी बसली होती. पाठीवरची टोपली काठोकाठ. दोन्ही नातवंडं हातानं पाचोळा चाळत होती.

"दर साली माज्या आदी कोन चरून जातंय म्हनून मी हरनांवर छर्रं उडवलं," मावशी म्हणाली.

आजी काहीतरी बोलली. माई-सीनं सांगितलं, "आजी म्हनती, तिला वाटायचं डुकरं येत्यात. उरलेलं ती डुकरांसाठी ठेवायची."

बसच्या खिडक्यांतून पोरं खिदळली. मावशीनं वळून बघितलं, तशी गप्प झाली.

आजी पुन्हा बोलली, माई-सीनं पुन्हा सांगितलं. "पोरं न्या म्हनती. पन तुमी बी जा."

"मी न्हाई जानार. ती जाऊ दे."

"ती बी न्हाई म्हनती."

हेडमास्तरांनी घड्याळ दाखवलं, त्याला कुणी किंमत दिली नाही. शेवटी मावशी टोपलीकडं बघत म्हणाली, "तिला सांग, बसमधी बस. दोघी संगं जाऊ, दोघी संगं येऊ." आजीनं विचार केला, टोपली उचलली आणि ड्रायव्हरमागच्या बाकावर येऊन बसली. वाटेत एकदाही मावशीच्या मानेवरून नजर काढली नाही. पोरं पेपर सोडवत होती तेवढा वेळ दोघी शाळेच्या पायरीवर शेजारी बसून बिया फोडत होत्या. टरफलं थुंकण्यात आजी मावशीला भारी निघाली.

निकाल आला. हजेरीत शाळा काठावर पास, गणितात तळाला. शाळा राहिली, बस राहिली, झाडूही राहिला.

यंदा हेडमास्तरांनी आधी मावशीला विचारलं आणि परीक्षा मे महिन्यात ढकलली. एप्रिलात पाऊस पडला, उबारा आला, तशा मावशी आणि आजी गिरणीमागं गेल्या. एल्मच्या बुडाशी प्रूइटसाहेब रांगत होते. इस्त्रीची विजार, हातात पिशवी.

"ए बाबा," मावशी म्हणाली, "हितं साप हायेत."

"हो मावशी," पिशवी पाठीमागं घेत ते म्हणाले. "मी जरा पोरं शोधत होतो."

त्या दिवशी रविवार होता.