हितेशची चूक नव्हती

निवृत्त हवालदार विलास धुरी कामोठ्याला राहायला आले, तरी तळवलीला जायचं त्यांनी दोन वर्षं टाळलं. सैन्यात त्यांच्या तुकडीत असलेल्या हितेशच्या आई यशोदाबाई तिथे राहत होत्या.

सीमेवर विलासरावांनी दोन साहेब पाहिले. पहिले कॅप्टन जवानांचे भिजलेले मोजे स्वतः तपासायचे आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावरच ताट घ्यायचे. नंतर आलेल्या मेजरांना कुणी मध्ये बोललेलं खपत नसे. "साहेब, उतारावरचा बर्फ भुसभुशीत आहे," असं विलासरावांनी सांगूनही त्यांनी गस्त पाठवली. बर्फ कोसळला आणि हितेश गेला. तो हुकूम मोडून वाट सोडून गेला, असं अहवालात आलं. मेजरांनी कागद पुढे सरकवला आणि विलासरावांनी साक्षीदार म्हणून मुकाट्याने सही केली.

अखेर एका दुपारी तळवलीला जाऊन त्यांनी हे सगळं सांगून टाकलं.

 यशोदाबाई म्हणाल्या, "त्याचा बापूस मरंपरत त्यालाच बोल लावत व्हता. आयकला नाय म्हनून गेला, म्हनायचा."

"मी लेखी देतो, आई. वर पाठवतो."

"द्या. पन त्याच्या बापसाला कोन वाचून दाखवंल?"

विलासरावांनी तिथेच बसून कागद लिहिला. यशोदाबाईंनी त्यांना चहा विचारला नाही.