गावावर जाळं टाकत नाहीत

आमचं जुनं गाव पैनगंगेच्या धरणात आहे. ज्या पाण्याखाली ते आहे, त्या पाण्यावर आमची माणसं जाळं टाकत नाहीत. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पंचायतीत ठरलेलं नाही. होडी जुन्या वेशीवर आली की आबा, म्हणजे माझे वडील, बिडी विझवतात. आई होडीत असली तर डोक्यावरून पदर घेते, कारण गावात शिरताना बाई तसाच पदर घेते. तिथं कुणी पाण्यात थुंकत नाही. गाव बुडालं तेव्हा आबा लहान होते. तरीही मारुतीचं देऊळ कुठं, आमराई कुठं, आमचं घर कुठं, हे ते वल्हं न थांबवता सांगतात.

"घरात कुणी जाळं टाकतं का?" मी लहानपणी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले होते. आई म्हणाली होती, गावात शिरलेली मासळी म्हणजे माहेरवाशीण. चार दिवस आली, राहिली, गेली. तिला धरत न्हाईत.

मला ही गोष्ट फार वर्षं भाबडी वाटायची. मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. माझा मामा धरणग्रस्तांच्या चळवळीत होता आणि उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरी माळ्यावर असत. मी त्यांवरच वाचायला शिकले. 'पाणी कुणाचं?' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. आई त्याच कागदात बाजारात मासळी बांधून द्यायची, त्यामुळे आमच्या घरी क्रांतीला मरळीचा वास यायचा. मला श्रद्धा नको होती, हक्क हवा होता. पण त्या भाबड्या गोष्टीनं जे केलं ते कुठल्याही पत्रकानं केलं नाही, हे नंतर कळलं. सगळ्या धरणात जाळी फिरायची, फक्त गावावर नाही. बुडालेल्या भिंतींच्या आडोशाला आणि आमराईच्या खोडांत मासळी मोठी व्हायची, तिथून धरणभर पसरायची. आमच्या जाळ्यात जे यायचं ते गावातूनच आलेलं असायचं.

मग धरणातल्या मासेमारीचा ठेका आमच्या मच्छीमार सोसायटीकडून गेला. कसा गेला हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. बाहेरचा ठेकेदार आला, त्याची माणसं आली, त्याच्या होड्या आल्या. त्याच्या परवानगीशिवाय जाळं टाकलं की जाळं जप्त. आई कुरुंद्याकडच्या शेतांत हळद काढायला जायला लागली. आबांची पत्र्याची होडी काठावर उलटी पडली. त्यांनी ठेकेदाराच्या मुकादमाला एवढंच सांगून ठेवलं होतं की गावावर जाऊ नका, तिथं नुसत्या भिंती आणि खोडं आहेत, जाळी फाटतील. मुकादमाला ते पटलं. एकदा त्यानं टाकून बघितलं आणि जाळं फाटलंच.

होडी सरळ झाली ती गळवाल्यांमुळे. नांदेडहून, हैदराबादहून हौशी लोक यायला लागले. लांब काठ्या, चमकणारी रिळं, टोप्या, बर्फाची पेटी. त्यांना मासे खायचे नव्हते, पकडायचे होते. गळाला मुकादमाची हरकत नव्हती. आबा त्यांना भाड्यानं होडीतून फिरवायचे. मी हिंगोलीच्या कॉलेजातून सुटीत घरी आले की पेंडीचा चारा मळायला आणि मासा वर घ्यायची झोळी धरायला सोबत जायचे.

पहिल्यांदा एका गळवाल्यानं चांगला रोहू पकडून फोटो काढला आणि परत पाण्यात सोडला, तेव्हा आबा बघतच राहिले.

"सोडला?"

"आम्ही मारत नाही काका. प्रेम आहे आमचं माशांवर."

"मंग धरला काहून?"

तो माणूस हसला. आबाही हसले, भाड्यानं घेतलेल्या माणसानं हसायला पाहिजे तेवढं. घरी येताना मला म्हणाले, "भूक न्हाई, आन् तोंडात लोखंड घालून राहिले. खेळ म्हणत्यात ह्याला."

त्या गळवाल्यांतले एक साहेब वारंवार यायला लागले. मोठ्या हुद्द्यावरचे होते, निवृत्तीला आलेले. माणूस वाईट नव्हता, आणि हे मी आजही म्हणते, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. डब्यातला अर्धा पराठा ते आबांना द्यायचे. आबांना 'तुम्ही' म्हणायचे. होडीत बसून समुद्राच्या गोष्टी सांगायचे. कोकणात, अंदमानात ते भाड्याच्या मोठ्या बोटीनं खोल पाण्यात जात. मोबाइलवर फोटो दाखवत. लालभडक तांबोशी, आणि हेकरू नावाचा जाड ओठांचा, ठिपक्याठिपक्यांचा मासा, जो समुद्रातल्या खडकांच्या कपारीत दबा धरून बसतो.

"घर सोडत नाही हा," साहेब म्हणाले. "एकच कपार, वर्षानुवर्षं. कपार माहीत असली की मासा तुमचा."

आबांनी फोटो बराच वेळ बघितला. मग विचारलं, "समुद्रात ठेका नसंल ना साहेब?"

"तिथंही भानगडी आहेत हो. पण तुमच्या ठेक्याचं मी बघतो. मुंबईत जे बघतात ते माझ्या ओळखीचे आहेत. सोसायटीचा अर्ज एकदा त्यांच्या टेबलावर गेला पाहिजे, बस."

हे वाक्य आबा घरी घेऊन आले, बाजारातून काही आणावं तसं. जेवताना दोनदा बोलून दाखवलं.

"आबा, साहेब लोक तोंडाला पानं पुसत्यात," मी म्हणाले. "मोर्चा काढा. तहसीलवर बसा."

"तुह्या मामानं काढले की मोर्चे. कागद ऱ्हायले माळ्यावर."

"मंग असं होडीत बसून ओळखी काढल्यानं पाणी भेटतंय व्हय?"

"लेकरा, तू वाचलंयस, मी न्हाई. पन इतक्या वर्षांत आपल्या संगं होडीत बसून भाकर खाल्ली अशा कुन्या साहेबानं?"

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बसू द्या की मंग. त्याच्यात काय. गावावर तेवढं नेऊ नका."

आबा ताटात हात धुवून उठले. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण आईलाही कळलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास साहेब आले ते खट्टू होऊन. दोन वेळा येऊन हाताला काही लागलं नव्हतं. मित्रांमध्ये थट्टा होतेय म्हणाले. "तुमच्या धरणात मासाच उरला नाही काका. उगाच येतो मी." ते येणं थांबवतील, ही भीती आबांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली. भाड्याची भीती नव्हती ती. अर्ज टेबलावर जायचा राहील, ही होती.

आबांनी होडी वळवली. थोडं गेल्यावर त्यांनी बिडी विझवली, आणि मी झोळी खाली ठेवली.

"आबा."

"गप बस."

"आबा, कुठं चाललाव?"

"पाहुण्याला घरी नेऊन राहिलो," ते म्हणाले. "घरचं नको का दाखवायला?"

माझ्या वडलांची चूक कुठली, असं कुणी विचारलं तर मी हेच वाक्य सांगेन. लाचार माणूस लाच देतो. आबांकडे द्यायला काही नव्हतं, आणि असतं तरी ते त्यांना जमलं नसतं. आमच्याकडे मोठा माणूस उंबऱ्यात आला की घरातलं सगळ्यात चांगलं असेल ते ताटात पडतं, मग उद्या चूल पेटो न पेटो. त्यांनी तेच केलं. साहेबांना जेवायला वाढलं.

आमराईवर होडी उभी केली. साहेबांनी गळ टाकला. पुष्कळ वेळानं दोर असा ताणला गेला की होडीच फिरली. साहेब ओरडले, उठले, पुन्हा बसले. आबा "ढिला सोडा, ढिला, खोडात शिरंल ते" म्हणत वल्ह्यानं होडी सांभाळत होते आणि माझ्या लक्षात आलं की ते खूश आहेत. शेवटी मी झोळी घातली. कटला होता. एवढा मोठा कटला मी बाजारात कधी पाहिला नव्हता. खवले माझ्या तळव्याएवढे. आबा आणि साहेब, दोघांनी उचलून धरला तेव्हा साहेबांचे डोळे भरून आले होते, हे खरं आहे.

त्यांनी मला मोबाइल दिला. मी फोटो काढला. मागे टेकडी आणि उतरलेल्या पाण्याबाहेर डोकावणारं देवळाच्या कळसाचं काळं टोक आलं. मग साहेबांनी दोन्ही हातांनी मासा पाण्यात धरला, तो शुद्धीवर येईपर्यंत धरला, आणि सोडला.

"जा बाबा, घरी जा," ते म्हणाले.

आबांनी हात जोडले. माशाला की साहेबांना, ते कळलं नाही. परत येताना आबा मला हळूच म्हणाले, "बघ. सोडला का न्हाई? गावातली मासळी गावात ऱ्हायली. काय बिघडलं?"

मलाही वाटलं, काय बिघडलं.

साहेबांनी फोटो आपल्या मित्रांना पाठवला. मित्रांनी त्यांच्या मित्रांना. आठवडा गेला नाही तोच मुकादम आमच्या दारात आला आणि त्याच्या मोबाइलवर तोच फोटो होता. आबांची पाठ, साहेबांचं हसू, कटला, कळस.

"काय काका, तुमी तर म्हनत होते नुसत्या भिंती हायेत तिथं?"

आबा खाटेवरून उठले. "जाळं फाटतंय तिथं. तुमीच टाकून बघितलं."

"फाटतंय ना. कशानं फाटतंय? खोडानं. उन्हाळ्यात पानी उतरलं की काढून टाकू खोडं. त्यात काय एवढं?" तो रागावलेला नव्हता. चहा पिऊन गेला.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी लगेच उचलला, मनापासून हळहळले. "अरे अरे. पण मी तर सोडला होता गं. तुझ्यासमोर सोडला ना?"

"साहेब, तुमच्या ओळखीचं माणूस ह्या ठेकेदाराला थांबवू शकतं का?"

"बघतो. बोलून बघतो."

अर्जाचं विचारलं तर म्हणाले, ते जरा अवघड दिसतंय. खोटं बोलले नाहीत. त्यांनी खरंच कुणाला तरी विचारलं असणार, आणि तो कुणीतरी खरंच हसला असणार. त्यानंतर ते आमच्या धरणावर आले नाहीत. त्यांना लाज वाटली असेल. लाज वाटणारी माणसं येत नाहीत आणि न वाटणारी येत राहतात, असं आमच्याकडे चालतं.

मी पत्रक लिहिलं. 'गावठाण बुडवलं, आता आसराही उपटणार?' कळमनुरीच्या बाजारात वाटलं, बस स्टँडवर चिकटवलं, तहसीलला नेऊन दिलं. तिथल्या कारकुनानं शांतपणे सांगितलं की पाण्याखालच्या झाडांची नोंद झाड म्हणून नसते. गावातल्या लोकांनी वाचलं. सगळ्यांना पटलं. एक म्हातारी म्हणाली, "मामावानी लिव्हतीस." एकही माणूस आला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही असं लिहिणार होते, पण देते. आपली बाजू खरी आहे हे पटणं आणि घरातून बाहेर पडणं यांच्यामध्ये आमचं सगळं धरण मावतं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं. आमराईची खोडं कमरेएवढ्या पाण्यात वर आली, काळी, शेवाळलेली. काठावर ट्रॅक्टर उभा राहिला. पाण्यात उतरून खोडाला साखळी बांधायची आणि मग ट्रॅक्टरनं ओढायची. साखळी बांधायला माणसं लागत होती. मी भाकरी घेऊन गेले, कारण आई म्हणाली होती, आबा तिकडं हायेत. आबा पाण्यात होते. साखळी त्यांच्या हातात होती.

मी काठावरून ओरडले. काय काय ओरडले ते इथं लिहीत नाही. मुकादम म्हणाला, "पोरीला समजवा काका."

आबा बाहेर आले, भाकरी सोडली. ती माझ्याच पत्रकात बांधलेली होती.

"तुमी काहून?" मी विचारलं. "दुसरं कुनी न्हाई भेटलं त्यांना?"

"भेटलं अस्तं."

"मंग?"

"कोन्ती खोडं कुन्या घरची ते त्यांना ठावं न्हाई," ते म्हणाले. "वढताना भिंती पाडून ऱ्हायले ते. मी दावतो, मंग तेवढं खोडच निघतंय. घरं ऱ्हात्यात."

"कुनासाठी ऱ्हात्यात?"

त्यांनी कांदा फोडला, माझ्यापुढे केला. मी घेतला नाही. जेवून ते पुन्हा पाण्यात गेले. आमच्या बुडालेल्या घराच्या दारातला लिंब त्यांनी शेवटी ठेवला होता. तो निघाला तेव्हा पाण्यातून एवढाच आवाज आला, जसा चिखलातून पाय काढताना येतो.

आषाढ सरता सरता धरण परत चढलं. हे दिवस मासळीच्या अंड्यांचे, तेव्हा मासेमारी बंद असते, असं कागदावर आहे. ठेकेदाराच्या होड्या निघाल्या. आबा आता त्यांच्यातच होते, जाळं ओढायला. मी काठावर उभी होते. वेशीवर आल्यावर आबांनी बिडी विझवली, नेहमीसारखी. मग वाकले आणि जाळ्याचं टोक पाण्यात सोडलं.

जाळं कुठंही अडकलं नाही.

संध्याकाळी हिश्श्याचा एक कटला घरी आला. आईनं विळीवर घेतला, पोट फाडलं आणि हात तसाच ठेवून बसली. आत अंडी गच्च भरली होती.

"पोटुशी हाय," ती म्हणाली. "बाळंतपनाला आल्ती."

आबा पाय धूत होते. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"कालवण कर," ते म्हणाले.

आईनं पदर डोक्यावर घेतला आणि केलं.