जासईच्या मिठागरातला भुंगेरा

जासईच्या मिठागरात, बांधांवरून एक हिरवट भुंगेरा पळायचा. नखाएवढा. त्याचा सगळा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण मजकूर, वाचून जुळवायचं काम आमच्या नवी मुंबईतल्या लॅबमध्ये माझ्याकडे आलं. किडे दाखवले तिथल्याच एका काकांनी. त्यांचा जन्म मिठात गेलेला, आणि जाळी मारायला माझ्याहून चपळ. पकडलेले किडे मी तिथेच जिवंतपणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवले. बुडवताना एकाचा पाय हलत होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

डीएनए काढायला अर्धे किडे दळले आणि पहिला प्रयत्न फसला. उरलेले फ्रीजरमध्ये होते. शुक्रवारी जुईनगरला घरी जायच्या घाईत फ्रीजरचं दार शेवटचं मीच लावलं. सोमवारी आत सगळं वितळलेलं.

लॅबच्या प्रमुख मॅडमना म्हटलं, "शनिवारी लाइट गेली असेल."

त्यांनी उरलेलं बर्फावर ठेवायला सांगितलं. मग त्याच किड्यांवर काम केलं. डीएनए तुटून बारीक झाला होता. धागे लांब असले तरच संगणक एकाला दुसरा जोडत जातो. आमच्या जुळणीत भोकंच जास्त.

"ताजे किडे आण," मॅडम म्हणाल्या.

मी जासईला गेले, तर मिठागरच नव्हतं. मुरमाचा भराव आणि वर कंटेनरच्या थप्प्या. यार्डाच्या गेटवर वॉचमनच्या निळ्या शर्टात काका बसलेले.

"पानीच नाय, त किरा कुठशी ऱ्हाईल?" ते म्हणाले. "तुमच्याकरं हायेत ना आपन धरलेले?"

"नाहीत काका. अर्धे दळले. बाकीचे माझ्या हातून खराब झाले."

"म्हंजी आपन त्यांना मारायलाच धरला," एवढंच म्हणाले, आणि ट्रेलर आला म्हणून गेट उघडायला उठले.

परत येऊन मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले. "दार माझ्याकडून उघडं राहिलं होतं."

"माहितीये. दाराच्या रबरात पिशवीचं टोक अडकलं होतं. सोमवारी तू यायच्या आधी मीच काढलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून किडे परत आले असते?"

पुढे करावेच्या खाडीकाठी दोनदा शोधलं. एकही दिसला नाही. शेवटी तो तुकड्यातुकड्यांचा जीनोमच आम्ही सार्वजनिक डेटाबेसमध्ये जमा केला. फॉर्ममध्ये 'मूळ नमुना कुठे ठेवला आहे' असा रकाना होता. मी 'शिल्लक नाही' लिहिलं, आणि मॅडमनी खाली सही केली.