आवाज वाढवाचं बटन

हिंगण्याच्या एका कंपनीत जयवंतानं एकवीस वर्षं रिमोटच तपासले. पट्ट्यावरून रिमोट आला का त्यानं अंगठा फिरवावा, अन् हा पास, हा फेल. कंपनी सुटली, अंगठ्याची सवय काही सुटली नाही. शेजारचे लोकं बिघडलेला रिमोट त्याच्याकडेच आनत. हातात घेतला का तो सांगे, हा घाईच्या मानसाचा हाय, हा लेकरानं चावला हाय.

बाजूच्या घरचे दादाजी माघात गेले. दुपारी मॅच पाहता पाहता, खुर्चीतच. भिंतभर चित्र दाखवनारं मशीन त्यायच्या पोरानं आनून देलं होतं. आता सून सोनिका दुपारी सिरियल लावे, तं आवाज आपोआप वाढे. कोनी हात लावत नाही, अन् भिंतीवर आवाजाच्या रेघा एकेक चढून राहिल्या. सोनिका म्हने, मामंजीच हायेत, इकून टाका हे मशीन.

दादाजीची बायको वच्छला. तिले मशीनचं काही नव्हतं, तिले दुसरंच खात होतं. तिनं मशीनचा रिमोट जयवंतापुढं ठेवला अन् हळूच इचारलं, "भाऊजी, हे रागावून गेले का माह्यावर?"

मंग सारं सांगतलं. दोन वर्षांपासून ते तिच्या बोलन्याले जबाबच देत नव्हते. नवा रिमोट खराब होऊ नये म्हनून तिनं त्याले प्लास्टिकची पन्नी गुंडाळली, तीही त्यायनं रागानं फाडली. गेले त्या दिवशी तिनं सयपाकघरातून हाक देली, ते बोलले नाही. मंग तीही रुसली. घंटाभर बाहेर आलीच नाही.

जयवंतानं मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी धरला. बटन दाबलं नव्हतं, तरी साध्या डोळ्याले न दिसनारा आतला दिवा मोबाईलात लुकलुकत होता. मंग त्यानं पन्नीसकट रिमोट उजेडात धरला. पन्नी सारी करकरीत, फाटली होती ते एकाच जागी, अंगठ्याएवढी. त्याखाली आवाज वाढवाचं बटन, पार झिजून आत रुतलेलं, दाबल्यासारखंच अडकलेलं. कमी कराचं बटन तं नव्यासारखं.

"वहिनी, कोनी फाडली नाही, घासून घासून फाटली हाय," तो म्हने. "दादाजीले ऐकू येत नव्हतं. तुमची हाक पोचलीच नाही."

ती रिमोट तिथंच ठेवून गेली. जयवंतानं त्यातले सेल काढून बाजूले ठेवले.

चार वाजता तिच्या घरून एवढा आवाज उठला का गल्लीतले कुत्रे भुकाले लागले. जयवंतानं टेबलावर पाह्यलं. रिमोट तिथंच, सेल बाजूले. तो तसाच धावला.

वच्छला दादाजीच्या खुर्चीत बसली होती. मशीनवरच्या बटनानं तिनंच आवाज पुरा केला होता. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. भिंतीवरची मानसं बोलून राहिली होती, अन् ती त्यायच्या ओठांकडे टक लावून पाहून राहिली होती.

जयवंता आवाज कमी कराले गेला, तं तिनं हात धरला.

"राहू द्या, भाऊजी. एवढ्यातही मले एक शब्द समजून नाही राहिला."

अन् ती परत भिंतीकडे पाहू लागली.