भिंतीतल्या माश्यांची बोळवण

सारजाबाई माझी थोरली जाऊ. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईची लेक, दौंड तालुक्यात आमच्या राहू गावात दिलेली. तिकडं सगळं कोरडवाहू, इकडं नदीकाठचा ऊस. राहूच्या बायका म्हणायच्या, कोरड्या रानातली बाई, तिचं बोलणंही कोरडंच असणार. त्यात खोटं काही नव्हतं. सारजाबाई मोजकं बोलायच्या आणि एकदा नाही म्हणाल्या की विषय संपला. मी नवी नवरी म्हणून त्या घरात आले तेव्हा मला सासऱ्यांपेक्षा त्यांचीच भीती जास्त वाटायची.

सासरे म्हणजे हौसराव आबा. सोसायटीच्या कमिटीवर होते, गावात शब्दाला वजन. माणूस वाईट नव्हता, पण तोंडातून एकदा शब्द गेला की तो परत घ्यायची सवय नव्हती. सून तशी, सासरा तसा. मधे सारजाबाईंचे मालक संपतभाऊजी, ते दोघांनाही होच म्हणायचे. माझे मालक दौंडला रेल्वेत, आठवड्यातून एकदा घरी. राहता राहिली सारजाबाईंची एकुलती एक ललिता. सहाव्या वर्षात होती, आणि आबांचा तिच्यावर भारी जीव.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत एक खोल कोनाडा होता. कधीकाळी कुणीतरी तो फळी ठोकून बंद केला होता आणि वरून लिंपला होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिला बरा पाऊस झाला, त्या दिवाळीत बाहेरच्या दगडांच्या सांध्यातून तिथं मधमाश्या शिरल्या. सातेरी माश्या, अंधारात पोळी लावणाऱ्या. बाहेरून येत-जात होत्या तोवर कुणाला त्रास नव्हता. पण फळीच्या कडेनं फट पडली आणि त्या चुलीपाशी, भाकरीवर, दुधाच्या भांड्यावर घोंगावायला लागल्या.

नेमका त्याच साली ऊस चांगला गेला, विहीर काठोकाठ भरली, म्हशीला पारडी झाली. आबांनी हिशेब जुळवून टाकला.

"ही लक्ष्मी हाय. आपल्या पायानं घरात आली. हिला कुणी हात लावायचा न्हाई."

लक्ष्मीनं यायला चुलीमागचीच भिंत का निवडावी, आबांच्या बाजेमागची का नाही, हे विचारायची माझी छाती नव्हती. आम्ही दोघी पदर घट्ट लपेटून भाकरी थापत राहिलो. एखादी डसली की चुना लावायचा आणि गप्प बसायचं.

शिमग्याच्या आसपास एक माशी ललिताच्या झग्यात शिरली आणि मानेला डसली. आम्ही चुना शोधतोय तोवर पोरीचे डोळे सुजून मिटले, ओठ जाड झाले, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. शेजारच्या ट्रॅक्टरवर घालून तिला केडगावला नेली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोर वाचली. पण त्यांनी बजावून सांगितलं, हिच्या अंगाला हे विष सोसत नाही. पुन्हा डसली तर इथवर आणायला वेळ मिळेलच असं नाही.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. नातीच्या उशाशी बसून राहिले. मला वाटलं, आता उद्या भिंत फुटणार. पण दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पोरीला मामाकडं ठिवा थोडे दिस. माश्या आपसूक जात्याल. मंग आणू."

म्हणजे माश्या घरात आणि पोर बाहेर. हा न्याय माझ्या डोक्यात शिरला नाही. सारजाबाईंच्या शिरला असेल असं नाही, पण पोर जिवंत राहणं आधी. त्यांनी भाऊ साहेबरावला बोलावून ललिता कवठ्याला धाडली आणि त्याच दिवसापासून माश्यांच्या मागे लागल्या.

आधी धूर. ओल्या गोवऱ्या, कडुलिंबाचा पाला, मिरच्यांची देठं, जे हाती लागेल ते चुलीत. माश्या आतल्या आत गुणगुणत राहिल्या आणि आम्ही माणसं खोकून बेजार. आबांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या, पण कबूल करतील तर शपथ. म्हणायचे, "लक्ष्मीला धूप आवडतो."

मग सारजाबाई गावातल्या मच्छिंद्रकडे गेल्या. मोहोळ काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो म्हणाला, "वैनी, आबांनी नुसतं व्हय म्हणू द्या, लगीच येतो." आबा व्हय म्हणेनात. संपतभाऊजींना गाठलं तर ते म्हणाले, "आबांना इचार." आबांना विचारलं तर ते म्हणाले, "दम धर."

पंचमीला भाऊ न्यायला आला म्हणून त्या माहेरी गेल्या. परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. मी पाणी दिलं, त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला.

"धुरपदा, पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घातलंया. चांगलंच केलं भावानं, त्याला मी काय बोलू? पर अंगणात तिला ठेच लागली, मी समोर उभी, आन् ती रडत मामीकडं पळाली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला मात्र भडभडून आलं. "बाई, आता काय करायचं?" मी विचारलं.

"आणायची. घरात एकतर माश्या ऱ्हात्याल, न्हाईतर माझी लेक."

भादव्यात गौरी आल्या. थोरली सून म्हणून गौरीचं सगळं सारजाबाईंकडं. पहिल्या दिवशी आणल्या, दुसऱ्या दिवशी जेवू घातल्या. तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला जमल्या. आबा ओसरीवरून घाई करत होते.

"उरका लवकर. गवराईला येळंत लावून द्यावी."

सारजाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि पदर सावरून दारात उभ्या राहिल्या.

"आबा, एक इचारू?"

"इचार की."

"गवराई लक्ष्मीच न्हवं?"

"मंग कोण?"

"मंग तिला आपुन ठिवून का घेत न्हाई? तिसऱ्या दिशी का लावून देतो?"

आबा हसले. बायकांकडे बघून म्हणाले, "बघा, एवढी वर्सं गवरी बसिवतीया आन् रीत ठावं न्हाई. आगं, पोटभर जेवू घालायचं, वटी भरायची आन् मानानं लावून द्यायची. म्हंजी पुढच्या साली ती पुन्यांदा येती. आडवून ठिवली तर कोपंल की."

"आपल्या भिंतीतली दिवाळीपास्नं आडवून ठिवलीया," सारजाबाई म्हणाल्या. "माज्या लेकीवर कोपली ती. आता हिची बी बोळवण व्हायला पायजे. मी करते."

जमलेल्या बायकांतली एकजण तोंडाला पदर लावून हसली, तो आवाज आबांनीही ऐकला. स्वतःच्या तोंडानं सांगितलेली रीत, तीही एवढ्या जणींसमोर. मोडायची कशी? माझा आनंद मावेना, पण मी खाली मान घालून कुंकवाचा करंडा पुसत बसले.

शेवटी आबा म्हणाले, "बोळवण म्हंजी बोळवण. जाळ लावायचा न्हाई, मारायच्या न्हाईत. जित्या न्यायच्या, नदीकाठाला."

त्यांना वाटलं, इथं सून माघार घेईल. माश्या जाळून मोहोळ काढणं सगळ्यांना येतं. जिवंत उचलून नेणार कोण? सारजाबाई म्हणाल्या, "बरं."

त्यांचे वडील कवठ्याच्या रानात मोहोळं काढायचे आणि लहानपणी धूर धरायला ह्यांनाच न्यायचे, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी रुंद तोंडाचं नवं मडकं आणलं, आतून जुनं मेण चोळलं, वर आडव्या बांबूच्या काड्या बसवल्या. दिवेलागणीला सगळ्या माश्या घरी परतल्यावर कामाला हात घातला. अंगात संपतभाऊजींचा लांब बाह्यांचा सदरा, तोंडावर जुन्या पातळाचं विरविरीत कापड. मला म्हणाल्या, "धुरपदा, तू कंदील धर आन् गोवरी फुंकीत ऱ्हा. पळायचं न्हाई." मी दाराला पाठ लावून गोवरी फुंकत राहिले.

फळी निघाली आणि आत एकामागं एक पिवळी-काळी पोळी लोंबत होती. घरघर अशी उठली की माझ्या दातांपर्यंत पोचली. सारजाबाईंनी एकेक पोळं हलक्या हातानं कापलं, दोऱ्यानं काडीला बांधलं, मडक्यात सोडलं. उरलेल्या माश्या ओंजळीनं भरल्या, जात्यातलं पीठ भरावं तशा. डसत होत्या. त्या फक्त ओठ आवळायच्या.

सकाळी बघितलं तर मडक्यात नुसती पोळी आणि माश्या परत कोनाड्यात, कोपऱ्यात घोळका करून.

"राणी आतच ऱ्हायली," सारजाबाई म्हणाल्या. त्यांचे हात इतके सुजले होते की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मी साबण लावून एकेक काढली. संपतभाऊजी म्हणाले, "आता बास कर." आबा हातांकडे बघून नजर चुकवत म्हणाले, "ऱ्हाऊ दे सारजा. लक्ष्मीची विच्छा न्हाई जायाची."

"तिची असंल नसंल, माझी हाय," सारजाबाई म्हणाल्या आणि सुजलेल्या हातांनी कणीक मळायला बसल्या.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी धूर कमी करायला सांगितला. सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, कारण बोटांवर येणाऱ्या जाड कापडानं हाताखाली काय आहे ते कळत नाही म्हणे. कोनाड्याच्या आतल्या कोपऱ्यात, दगडाच्या कपारीत दाट घोस होता. तो त्यांनी दोन्ही हातांत घेतला, घाईनं नाही, पोराला पाळण्यातून उचलावं तसा, आणि मडक्यात ठेवला. मग थांबलो. थोड्या वेळानं मडक्याच्या काठावर काही माश्या शेपटं वर करून पंख हलवायला लागल्या.

"आली," सारजाबाई म्हणाल्या. "राणी आली. आता बाकीच्या येत्यात बघ."

आणि खरंच आल्या. भिंतीवरून खाली, तिथून मडक्यावर, बाजार सुटल्यावर माणसं गावाकडं निघावीत तशा, एकीमागं एक. मी कंदील धरून बघतच राहिले. माझी भीती कधी गेली ते मला कळलं नाही.

आबा दारात येऊन उभे होते. जमिनीवर पडलेल्या मेलेल्या माश्यांकडे त्यांनी बोट दाखवलं. "ह्या मेल्या."

सारजाबाईंनी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. ओळखू येत नव्हते हात. "त्या मला डसून मेल्या, आबा. त्यांचं मोल मी भरलंया."

आबा वळले. आत जाऊन हळदीकुंकवाचं ताट घेऊन आले. पुढं ते ताट घेऊन, मागं फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं डोक्यावर घेऊन सारजाबाई, त्यांच्या मागं कंदील घेऊन मी, असे आम्ही नदीकाठच्या रानात गेलो. करंजाखाली मडकं ठेवलं. आबांनी त्याला हळदीकुंकू लावलं आणि "पुन्यांदा या, पर भायेरच्या भायेर या," असं पुटपुटले. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून दाबलं.

कोनाडा सारजाबाईंनी दगडमातीनं बुजवला आणि भुसा घातलेल्या चिखलानं लिंपला. बाहेरचे सांधेही भरले. आबा म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबू, सगळं निवल्यावर पोरीला आणू. सारजाबाई दुसऱ्याच दिवशी सकाळच्या येष्टीनं कवठ्याला गेल्या आणि शिरूरला गाडी बदलून लेकीला घेऊन परत आल्या.

ललिता उंच झाली होती. तिनं आबांच्या पाया पडून घेतलं, माझ्या पडली, आणि कपड्यांची कापडी पिशवी मांडीवर घेऊन ओसरीवर अवघडून बसली. आत ये म्हटलं तर आली नाही. आबा तिच्याशेजारी सुपारी कातरत होते. तिनं त्यांना अगदी नीट, शहाण्यासारखं विचारलं,

"आबा, मी किती दिस ऱ्हायाची हाय?"

आबांचा अडकित्ता थांबला. गावाला दोन शब्दांत गप्प करणारा माणूस, आणि सहा वर्षांच्या नातीपुढं त्याचे ओठ नुसते हलत होते. त्या क्षणी मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

सारजाबाई आतून आल्या. त्यांनी लेकीच्या मांडीवरची पिशवी उचलली, तिथंच उलटी केली, कपडे माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "माज्या टरंकेत ठिव." आणि रिकामी पिशवी घेऊन आत गेल्या, ती सरळ चुलीत घातली.

"माजी पिशवी!" ललिता ओरडली आणि उंबरा ओलांडून आईमागं धावली, थेट चुलीपर्यंत. पिशवीनं पेट घेतला होता.

"आता जायाचं म्हणलं तरी कशात भरून जाशील?" सारजाबाई म्हणाल्या.

पोर जळत्या पिशवीकडं बघत उभी राहिली. मग तिनं मागच्या भिंतीकडं बघितलं. जवळ गेली, कान लावला, ताज्या लिंपणाला बोट लावून बघितलं.

"वली हाय," ती म्हणाली.

"वाळंल. भाकरी वाढते, बस."

पाट कुठं असतो ते तिनं विचारलं नाही. कोपऱ्यातला आपला आपण ओढला आणि बसली.