दसरा निघाला, इरजण गेलं

इतर गावांत दसरा येतो, आमच्या कोल्हापुरात तो काढावा लागतो. काढायचा म्हणजे घट बसायच्या आत घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढायची, धुवायची, उन्हात टाकायची आणि परत जागच्या जागी लावायची. गोधड्या-वाकळा, पडदे, माळ्यावरची पातेली, वर्षभर कुणी हात न लावलेली पितळी घागर, सगळं. हंबीररावांचा जन्म राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत गेला, पण या गड्यानं एकदाही दसरा काढला नव्हता. सिटी बसवर ड्रायव्हर होते तोवर त्या दिवसांत नेमकी जादा ड्युटी मागून घ्यायचे, आणि रिटायर झाल्यावर नेमका गुडघा धरायचा.

यंदा बायको धोंडुबाई मोरीत घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. लेकीला बोलवू या, असं ती म्हणाली, तर हंबीरराव उसळलेच.

"तिला कशाला तरास? मी हाय की! जन्मभर बस हाणली म्या, चार भांडी हलवायला काय जीव जातोय?"

धोंडुबाईनं बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर ठाण मांडलं आणि हातात पळी घेतली. नवऱ्याला ओरडून सांगितलेलं कधीच कळत नसे, हे तिला ठाऊक होतं. म्हणून कॉटच्या लोखंडी दांडीवर एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ही कंडक्टरची भाषा मात्र त्यांच्या पायापर्यंत पोचायची. पंखा पुसायच्या आधी खालची गादी काढली नाही, की टण्. काढली, की टण् टण्.

आणि काम झालं हो, खोटं कशाला बोला. गच्चीवर वाकळा पायानं तुडवून धुतल्या, जळमटं काढली, घागर चिंच-मिठानं अशी घासली की तोंड दिसावं. गल्लीतल्या बायका मुद्दाम डोकावून जायला लागल्या. हंबीरराव छाती काढून फिरत होते.

एक बरणी मात्र त्या घरात दसऱ्यालाही हलत नसे. फडताळातली, चिनी मातीची, इरजणाची. इरजण म्हणजे दही लावायला राखलेलं विरजण. धोंडुबाईनं ते लग्नात आईकडून, राधानगरीहून, मांडीवर धरून आणलेलं. कालच्यातलं आज, आजच्यातलं उद्या, असं ते इतकी वर्षं चाललं होतं. आई गेली, माहेरच्या म्हशी गेल्या, इरजण राहिलं. गल्लीत कुणीही वाटी घेऊन आलं की ती चमचाभर घालायची. हंबीरराव कुरकुरायचे. "आपलं घर काय डेरी हाय?" समोरच्या शिवम्माला तर त्यांनी एकदा दारातच विचारलं होतं, "रोज काय इरजण?" त्या दिवसापासून ती बाई वाटी घेऊन आली नव्हती.

अमावस्येला, शेवटच्या दुपारी, हंबीररावांच्या हाताला ती बरणी लागली. काठाला वाळकं चिकटलेलं, आंबट वास. हे कुठलं जुनाट म्हणत त्यांनी मोरीत पालथी केली आणि नळ पुरा सोडला. बाहेरून टण् झालं. परत एकदा टण् झालं.

"आता कशाला बेल? आलाच की स्टॉप!" म्हणत त्यांनी बरणी लख्ख घासली.

संध्याकाळी दूध तापवलं. घटाच्या पहिल्या दिवशी देवीला दहीभाताचा निवद, ही त्या घरची रीत. दही लावायला म्हणून फडताळ उघडलं. लख्ख बरणी पालथी घातलेली. भला माणूस तिथंच खाली बसला. डेरीचं दही आणून दही लागलं असतं, पण ते धोंडीच्या आईचं लागलं नसतं. बायकोचं माहेर आपण मोरीत ओतलं, असं त्यांना वाटलं आणि रडूच यायला लागलं.

धोंडीचं इरजण नेलेलं एक घर त्यांना आठवलं. मान खाली घालून ते शिवम्माच्या दारात गेले. ती नुकतीच देवापुढून उठली होती.

"अय्यो अण्णा, दिवा लागला की! तिन्हीसांजेला दूध-दही उंबऱ्याभायेर जात न्हाई."

"शिवम्मा, चुकलं माझं. तवाचंबी आणि आताचंबी."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "इरजण भायेर जात न्हाई. दूध आत यायला कोण नको म्हणतंय? आणा तुमचं पातेलं हिकडं."

पातेलं न्यायचं तर धोंडुबाईच्या कॉटसमोरूनच न्यायचं. "फ्रिज पुसलाय, दूध शिवम्माकडं ठेवतो," हंबीरराव म्हणाले. धोंडुबाई डोळे मिटून म्हणाली, "ठेवा."

सकाळी पातेल्यात कवडीदार दही. घट बसला, निवद झाला. धोंडुबाईनं दहीभाताचा घास घेतला आणि मान हलवली.

"जमलंय. काल ठोका दिलो, ऐकलासा न्हाई नव्हं?"

हंबीररावांनी घास ताटात ठेवला. "तुला ठावं हुतं? मग वरडली का न्हाईस?"

"वरडून सांडलेलं परत येतंय व्हय? आणि जातंय कुठं? गल्लीत घरोघरी हाय माझ्या आईचं इरजण. म्हटलो, बघू या, मालक कुणाच्या दारात जात्यात."

हंबीररावांचे डोळे भरले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. तिनं दह्याची वाटी भरून पुढं केली.

"वर नवीन भाडेकरू आल्यात, ती तेजस्वी. इरजण मागितलंय तिनं. दिवस हाय तवर देऊन या."

"म्या? मी जाऊन काय सांगू तिला?"

"सांगा, राधानगरीचं हाय."

वाटी घेऊन ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच घुटमळले. मागून पळी वाजली, टण् टण्. हंबीररावांनी वाटी सावरली आणि गाडी सोडली.