शेवंतीचा तंग

आमच्या मामांइतका गंभीर माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांचं हे सगळं गांभीर्य खर्ची पडतं ते एका घोडीच्या पोटाखालच्या वीतभर कातडीवर. मामा माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. कासार आंबोलीला मुख्य रस्ता सोडून आत गेलं की घोड्यांचा एक लहानसा तबेला आहे, तिथले ते मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. मालकांपासून जनावरांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी मूळची परभणीची, हिंजवडीत खुर्चीवर बसून बसून माझी कंबर धरली, डॉक्टर म्हणाले काहीतरी हालचाल करा, आणि योगासनांचा मला मनापासून कंटाळा असल्यामुळे मी घोड्यावर बसायला शिकायचं ठरवलं. पहिल्या शनिवारी मामांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "ताई, उन्हाळ्यात घामोळं येतं का तुमाला?" चाळिशी उलटलेल्या बाईला हा काय प्रश्न झाला! मी जात्याच तापट. फणकाऱ्यानंच म्हटलं, "येतं. मग?" मामा अजिबात हसले नाहीत. "मग तुमाला शेवंती," एवढंच म्हणाले आणि घोडी आणायला गेले.

शेवंती बदामी रंगाची, अंगानं देखणी, पण कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. खोगीर जागेवर राहावं म्हणून पोटाखालून जो पट्टा आवळतात त्याला तंग म्हणतात. तो पुढच्या पायाच्या कोपरामागं घासला की बाकीच्या घोड्यांचं फार तर अंग खाजतं, शेवंतीचं मात्र थेट सोलून निघतं. मालकांनी तिला एका वरातीवाल्याकडून आणलं होतं, आणि आल्या वर्षातच ती दोनदा सोलली. मालक पुण्यातले निवृत्त इंजिनिअर, मनानं वाईट नाहीत, पण हिशेबी. त्यांनी सांगून टाकलं की तिसऱ्यांदा कातडी फाटली तर घोडी परत वरातीला. म्हणजे पुन्हा ते झुलीखाली तासन्‌तास उभं राहणं, कानाशी बँड आणि पोटाखाली काचणारा नायलॉनचा पट्टा. मामा त्यावर म्हणाले, "न्हाई फाटायची." त्या दिवसापासून शेवंतीचा तंग हा त्यांच्या आयुष्याचा एकमेव विषय झाला.

त्या तंगाचे त्यांनी जे सोहळे केले ते कुठल्या जावयाचे झाले नसतील. तो रिठ्याच्याच पाण्यात धुवायचा, साबण त्याला लावायचा नाही. वाळवायचा सावलीत, कारण उन्हात सूत ताठतं. वापरण्याआधी गालावरून फिरवून बघायचा. नवा तंग आला तर तो आधी मामांच्या अंगावर चढायचा. सदऱ्याच्या आत, उघड्या छातीभोवती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पुतण्याच्या लग्नात विहारामध्ये मामा पांढराशुभ्र सदरा घालून पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते, आणि त्यांच्या बरगडीपाशी बकलाचा हा एवढा उंचवटा. एका पाहुण्यानं काळजीनं विचारलं, "पाठीचं दुखणं हाय का?" मामा तेवढ्याच गांभीर्यानं म्हणाले, "न्हाई, घोडीचा तंग हाय. घाम आल्यावर चावतुया का बघतोय." हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. सांगताना ती हसत होती, आणि मामा शेजारी बसून, यात हसण्यासारखं काय आहे, असा चेहरा करून चहा पीत होते.

खोगीर चढवायची त्यांची रीत तर विचारूच नका. शनिवारी मी घाईत असायची, कारण दुपारी परत जाऊन स्वयंपाक. पण मामांपुढं घाई चालत नाही. आधी हातानं चाचपणी. कोपरापासून पोटापर्यंत बोटांची टोकं सावकाश फिरवायची, वाळूचा कण, चिखलाची खपली, कुसळ, काय असेल ते वेचून काढायचं. मग कोपरामागं चार बोटं सोडून तंग घालायचा आणि एकच भोक आवळायचा. दहा पावलं चालवून दुसरं भोक. मी वर बसल्यावर तिसरं. मी बसण्याआधी शेवंतीचे पुढचे पाय एकेक करून उचलून पुढे ओढायचे, म्हणजे पट्ट्याखाली चुरगळलेली कातडी सरळ होते. एका हौशी बाईंनी ऑनलाइन मागवून तंगासाठी गुबगुबीत लोकरी आवरण भेट दिलं होतं. मामांनी ते चार दिवस स्वतः घालून पाहिलं आणि परत दिलं. "मऊ हाय, पर घाम पितंय आन सोडत न्हाई. पावसाळ्यात आतल्या आत शिजंल ती." रपेट झाल्यावर पुन्हा साध्या पाण्यानं मिठाचा घाम धुवायचा आणि कोरडं पुसायचं. हे सगळं होईपर्यंत माझी कंबर उभं राहूनच बरी व्हायची.

आणि तरी मी ती चूक केलीच. कार्तिकातला शनिवार होता. मामा शुगर तपासायला पौडला गेले होते. मी म्हटलं, वर्षभर बघतेय, त्यात काय एवढं! खोगीर मीच चढवलं, तिन्ही भोकं एकदम आवळली, चाचपणीला फाटा दिला, पाय ओढायचे विसरले. त्या दिवसांत बाहेर सगळीकडे कुसळी गवत वाळलेलं असतं. शेवंती दोनदा मागं वळून माझ्या बुटाला तोंड लावून गेली, मला वाटलं लाडात आलीय. अर्ध्या तासानं तंग सोडला, तर कोपरामागं रुपयाएवढी जागा केस गेलेली, लालबुंद, टरारलेली, आणि मधोमध एक कुसळ. मामा आले. त्यांनी बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, मीही उलटून चार शब्द बोलले असते. ते नुसते बादली आणायला गेले. पाऊण तास गार पाणी सोडत बसले आणि मग म्हणाले, "फाटलं न्हाई. आजून एक फेरी मारली असती तर फाटलं असतं." मालक आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "माज्या हातनं झालं." मालक दचकलेच. म्हणाले, "मामा, तुमच्या हातून होत असेल तर मग घोडी ठेवायची कशाला? आता पुन्हा नाही हं." मी मान खाली घालून उभी राहिले. इतकी भेकड मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

मी निघाले तेव्हा मामांनी ते कुसळ कागदाच्या पुडीत घालून माझ्या हातात दिलं. "सोमवारी कमरंच्या पट्ट्याखाली ठिवा. दिसभर. काढायचं न्हाई." मी ठेवलं. अकरा वाजेपर्यंत मजा वाटली. दोन वाजता मी चहावाल्यावर खेकसले. चार वाजता मीटिंगमध्ये एका गरीब स्वभावाच्या मुलीला असं काही बोलले की नंतर तिची माफी मागावी लागली. सहाला पट्टा सोडला तेव्हा एवढासा लाल ठिपका होता, बस्स. आणि मी तर शिव्या देऊ शकत होते, पट्टा सैल करू शकत होते. शेवंतीनं बिचारीनं दोनदा बुटाला तोंड लावून सांगितलं होतं. गाडीत बसून मी रडले, खोटं कशाला बोलू.

यंदाच्या पावसाळ्यात एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात आली. मामा घोडीच्या पोटाला गाल लावून उभे राहायला लागले होते. तबेल्यात सगळे हसायचे, म्हातारा घोडीच्या प्रेमात पडला म्हणायचे, मीही हसले. मग एकदा त्यांच्या बायकोनं उकळता चहा स्टीलच्या पेल्यात दिला. मी माझा पेला रुमालात धरूनही हाय हुय करत होते, आणि मामा बोटांनी गच्च धरून शांत बसले होते. "मामा, भाजत नाही?" त्यांनी पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "बोटं मेली वो ताई. शुगरनं. हितं हात लावला तर घोडी हाय का भिंत हाय, समजंना झालंय." मालकांना सांगितलं नव्हतं. नोकरीची त्यांना पर्वा नव्हती, सून आणि मुलगा मुठा गावातल्या घरी बोलावतच होते. "पर तिला कोन चाचपनार?" ते म्हणाले. पुढच्या चार महिन्यांत त्यांनी मला एकही रपेट करू दिली नाही. दर शनिवारी नुसती चाचपणी. डोळे मिटून.

गेल्या महिन्यात मामांनी स्वतः शेवंतीला पुसून तयार केलं आणि मला म्हणाले, "बघा, आता काय हाय का." मी बोटं फिरवली. कोपरामागं, अगदी तंगाच्या जागी, केसांत आडवं रुतलेलं एक कुसळ माझ्या बोटाला लागलं. एवढं पुसूनही त्यांना ते कळलं नव्हतं. मी ते चिमटीत धरून गपचूप पाडलं आणि म्हटलं, "काही नाही मामा. एकदम स्वच्छ." मामांनी घोडी घासायचा खरारा उचलला. मग म्हणाले, "ताई, माज्यापाशी खोटं बोला. घोडीपाशी नका बोलू." मी मान खाली घातली. "होतं. कुसळ होतं, मामा." "मीच ठिवलं व्हतं," ते म्हणाले, "जमलं तुमाला." आणि खरारा माझ्या हातात देऊन बादलीवर जाऊन बसले. त्याच दुपारी त्यांनी मालकांना बोटांचं सांगितलं, आणि मी कार्तिकातल्या त्या शनिवारचं.

ते कुसळ त्यांनी खरंच ठेवलं होतं की त्यांना कळलंच नव्हतं, हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. शेवंती तबेल्यातच आहे आणि तिचे केस पुरते भरून आलेत. मामा आता मुठ्याला राहतात, पण शनिवारी एसटीनं येतात आणि उपड्या बादलीवर डोळे मिटून बसतात. मी मोठ्यानं सांगत जाते, "इथं कोरडं आहे मामा. इथं जरा दमट. इथं काही नाही." आणि माझा हात जसजसा सरकतो, तसतशी त्यांची बोटं त्यांच्या गुडघ्यावरून सावकाश पुढं सरकत राहतात.